घड्याळ चालूच होतं

४ जानेवारी
दुकानातून, सकाळी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडता ठेवून देशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता तुझ्या आईकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. पण उघडलंस ना? मग आता वाच.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुर करतो, पण आईपेक्षा कमी. दुकानात घड्याळं दुरुस्त करण्यापेक्षा बॅटऱ्या बदलण्याचंच काम जास्त. परवा एक आजीबाई गजराचं घड्याळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "चालतंय उत्तम, पण वाजायचं थांबवा. आता मला कुठे जायचंय उठून?" मी गजराची तार काढून दिली. जाताना त्याच म्हणाल्या, "आता उशीर झाला तर जबाबदार तुम्ही."

खरी बातमी पुढेच आहे. बसून वाच. मी शर्यतीत भाग घेतोय. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर ट्रायथलॉन आहे. कमी अंतराची आहे. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं. ज्याने तिला 'कमी अंतराची' म्हटलं त्याचं वय अठ्ठावन्न नसणार.

सायकल आपली जुनीच. शेजारच्या सायकलवाल्याने कॅरिअर आणि घंटी काढून टाकली, तर ती अगदी ओकीबोकी दिसायला लागली. नियम भरमसाट आहेत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला बोट लावायचं नाही, लावलं की दंड. म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून मी रोज सराव करतो. ओल्या पायात मोजे, बूट, हेल्मेट, पट्टा, मग सायकल. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर रोज मला ओलांडून दूध आणायला जातात. आता त्यांनी विचारायचंही सोडलंय. आईला म्हटलं, जरा वेळ लावून बघ ना, मोजे घालायला किती सेकंद लागतात. तुझी आई घड्याळ हातात घेत नाही. "ते मला सांगू नका," म्हणते आणि आत जाते.

पोहायला सकाळी सहाच्या बॅचला जातो. शिकवणारी मुलगी तुझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. तोंडात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टी मॅडम म्हणतात. बॅचमध्ये मी सोडून सगळ्यांचे दुधाचे दात आहेत. त्यातली एक चष्मेवाली मला रोज दम देते, "आजोबा, भिंत सोडा! काही होत नाही!" इतकी वर्षं पाण्यात उतरलो नव्हतो ना, म्हणून ही जराशी उजळणी.

छोटीचं आईने सांगितलं. डोक्यावरून पाणी घेताना सगळी इमारत गोळा करते म्हणे. त्याबद्दल काही लिहायचं होतं, पण राहू दे.

शर्यतीला यावंस असं म्हणत नाही. नऊ वर्षं आपण बोललो नाही आणि एकदम समुद्रावर ये म्हणायचं, हे मलाही बरं दिसत नाही. फक्त कळवलं. जावईबापूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
बाबा


२९ जानेवारी
घरातून. आज दुकान बंद ठेवलंय.

चि. मनीस,
आशीर्वाद लिहिताना आज हात अडतोय, पण लिहितो. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "बाबा, सहा वर्षांच्या मुलांच्या बॅचला कुणी उजळणी करायला जात नाही. तुम्हाला पोहता कधीपासून येतं?"

लहानपणापासून तुला काही लपवलेलं चालत नाही. उत्तर देतो. आधी शर्यतीचं सांगतो, कारण उत्तर तिथेच समुद्रात आहे. आणि थोडं टाळतोयही, ते तुला कळलंच असेल.

सकाळी साडेसहाला आम्ही वाळूवर उभे होतो. डोक्यावर नारिंगी टोप्या, दंडावर शाईने लिहिलेले नंबर, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी. माझा नंबर दोनशे बारा. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. शेजारी एक दातांचे डॉक्टर होते, देह माझ्या दुप्पट. ते म्हणाले, "तुमचीही पहिलीच वेळ ना? चेहऱ्यावरून कळतं. माझ्या खुर्चीत बसलेले लोक असेच दिसतात."

भोंगा वाजला. पहिला फुगा, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, तिथपर्यंत मी ठीक होतो. शिट्टी मॅडमने शिकवलं तसे हात मोजत होतो. दुसऱ्या फुग्याशी वळायचं होतं. तिथे मी थांबलो आणि सवयीने पाय खाली सोडला. खाली काही नव्हतं. आणखी सोडला, तरी काही नाही. तलावात दहा हातांवर भिंत असते. इथे भिंत म्हणजे क्षितिज. हात चालेनात, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि मी ओरडलो. 'वाचवा' वगैरे नाही. 'आई गं' म्हणालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

तिथे सुरक्षेसाठी छोट्या होड्या फिरत असतात. एकीतली बाई वल्ह्याच्या तीन फटक्यांत माझ्याजवळ आली. "धरा. बोलू नका. श्वास घ्या." होडी धरून थांबलं तर चालतं, फक्त पुढे सरकायचं नाही, असा नियम आहे. मी धरलं. तिने विचारलं नाही की हा म्हातारा पोहता येत नसताना आलाच कशाला. तिने वेळही बघितली नाही. मी हाक मारली आणि ती आली. तिच्यालेखी एवढंच.

मने, त्या होडीला लोंबकळत मी रडलो. समुद्रात हे एक बरं असतं, कुणाला कळत नाही.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू अकरा वर्षांची. चारशे मीटरची शर्यत, कडेची लेन. सातव्या फेरीला, खोल बाजूला, तुझ्या पायात गोळा आला. तू खाली गेलीस, वर आलीस आणि "बाबा" म्हणालीस. मी पँट दुमडून, हातात वेळ मोजायचं घड्याळ धरून काठावर उभा होतो, तुझ्यापासून सहा पावलांवर. तू माझ्याकडेच बघत होतीस. मी हललो नाही. टॉवेल गोळा करणारे काका बूटमोज्यांसकट उडी मारून तुला कडेला घेऊन आले. तू कठड्याला धरून खोकत होतीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "घड्याळ चालू आहे अजून. उरलेलं पूर्ण कर."

तू पूर्ण केलंस. निळ्या ओठांनी.

सतराव्या वर्षी तू पोहणं सोडलंस तेव्हा हेच माझ्या तोंडावर फेकलंस. "मी बुडाले असते तरी तुम्हाला वेळ कळायला हवी होती." मी गप्प बसलो. तू समजलीस, बापाला बोलायला तोंड नाही. ते खरं होतं, पण कारण वेगळं होतं. तिथून आपलं बोलणं तुटत गेलं आणि तू लग्न होऊन गेलीस तेव्हा थांबलंच.

मला पोहता कधीपासून येतं असं विचारलंस. चौदा महिन्यांपासून. त्याआधी येत नव्हतं. कधीच येत नव्हतं.

लहानपणापासून पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझी पाचावर धारण बसते. का ते मला माहीत नाही, काही घडलंबिडलं नव्हतं. फार लाज वाटायची. तू झालीस तेव्हा ठरवलं, ही आपल्यासारखी भित्री होता कामा नये. म्हणून तुला पाचव्या वर्षी पाण्यात घातलं, पुस्तकं आणून हातपाय कसे मारायचे ते वाचलं आणि काठावरून तुला शिकवलं. लोकांना वाटायचं, बाप मोठा जाणकार आहे. कुणी विचारलंच नाही, तर मी तरी कशाला सांगू?

त्या दिवशी तू हाक मारलीस आणि माझे पाय गेले. उडी मारली असती तर दोघांना काढावं लागलं असतं, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेव्हा मी एवढाही विचार केला नव्हता. मी घाबरलो, बस. अंगठा बटणावर होता तो दाबलाच गेला नाही, म्हणून घड्याळ चालू राहिलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बाप ना तुम्ही? बघत काय बसलात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पोहता येत नाही, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. त्याऐवजी मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि तोंडातून ते वाक्य गेलं.

आणि लोकांना ते पटलं, मने! केवढा शिस्तीचा बाप, म्हणाले. मग तो शिस्तीचा बाप मला रोज व्हावं लागलं. कमी पडलो तर कुणीतरी तो दिवस पुन्हा उकरून काढेल, अशी भीती. तुला ताप असताना पोहायला नेलं ते त्यामुळे. तुझ्या वाढदिवसाला सराव चुकवू दिला नाही, तोही त्यामुळे. तुला वाटलं बाप दगड आहे. मी वाटू दिलं. दगड म्हटलेलं मला चालत होतं, भित्रा म्हटलेलं चाललं नसतं.

सव्वा वर्षापूर्वी आई तुझ्याकडे राहून आली आणि म्हणाली, छोटीच्या शाळेची सहल समुद्रावर होती, मनीने पाठवलं नाही. तू आईला म्हणालीस, "बुडायला लागलं की कुणी येत नाही गं. मला माहितीये." आई भाजी निवडत सांगत होती. मी उठून बाहेर गेलो. ही भीती तुझी नव्हतीच कधी. माझी होती. मी ती लपवली आणि तुझ्या गळ्यात घातली, आणि आता ती चार वर्षांच्या पोरीच्या अंगावर चाललीय. दुसऱ्याच महिन्यात मी शिट्टी मॅडमकडे नाव घातलं.

शर्यत पुरी केली. त्या बाईने विचारलं, "काका, किनाऱ्यावर सोडू?" मी नको म्हटलं आणि होडी सोडली. पंचेचाळीस मिनिटांची मुदत होती, मी त्रेचाळिसाव्या मिनिटाला वाळूवर आलो, रांगतच. सायकलीवर बरा होतो. धावताना, म्हणजे चालतानाच म्हण, डॉक्टर भेटले. फुटपाथच्या कडेवर बसून ओकत होते. मी शेजारी बसलो, पाणी दिलं. ते म्हणाले, "तुम्ही जा हो, तुमची वेळ जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. दोघे मिळून शेवटून पहिले आलो.

आई शेवटच्या कमानीशी टॉवेल घेऊन उभी होती. तिथल्याच बाकावर मी तिला सगळं सांगितलं. तिलाही उजळणीच म्हणून सांगितलं होतं ना मी. तिने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा समुद्रावर गेलो तेव्हा तुम्ही दिवसभर चपला राखत बसला होतात. मला शंका आली होती. पण तुम्ही पोरीला इतकी वर्षं हे कळू दिलं नाहीत?" घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. आजही तुटकच बोलतेय. बरोबर आहे तिचं.

माफी मागायचीय, पण ती मागताना मला पुन्हा तुझ्याकडूनच काहीतरी हवंय असं होतं, आणि आयुष्यभर मी तेच केलं. म्हणून उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. छोटीला पाण्यात घाल असंही सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. एकच मागतो. तिने कधी विचारलं की आजोबा कसे आहेत, तर दगड आहेत म्हणू नकोस. भित्रे आहेत म्हण. आणि तिला सांग, हाक मारली की लोक येतात. मी स्वतः बघितलंय. त्या दिवशीही कुणीतरी आलंच होतं, मने, बूट घालून. फक्त यायचा होता तो आला नाही.

तू हाक मारलीस तेव्हा सहा पावलांवर उभा असलेला,
तुझा बाबा