वळायची जागा

७ जानेवारी, सकाळ

निघालो! दोनच दिवसांची सैर. डोरीनचा हट्ट — "गुडघा दुखतो म्हणून धक्क्याला कुढत बसायचं होय, बाबा? सुकाणू मी धरते." लग्नानंतर लेक पहिल्यांदाच नावेवर राहायला आली. जावई नेव्हिलही आहे. आत शिरताना त्याचं डोकं आपटलं. म्हणाला, "ही शवपेटी की घर?" मी हसलो. पाहुणा माणूस, हसायलाच हवं.

शेगडीत कोळसा रसरसतोय. माझी ही नाव, माझं घर, 'हेस्टर' — माझ्या आईवरून ठेवलेली — पुन्हा चालतेय. बरं वाटतंय अगदी!

७ जानेवारी, दुपार

वळायची जागा मागे पडली! आमची नाव कालव्याच्या रुंदीहून लांब. वाटेल तिथे थोडीच वळते? काठ खणून पाणी रुंद केलेलं असतं, तिथेच. काठीने छत बडवलं. डोरीन वाकून आत बघत म्हणाली, "अगबाई! लक्षातच नाही राहिलं." मागून नेव्हिल — "पुढे वळू की! सासरेबुवा, चहा प्या आणि गप्प पडा."

लहानपणी हे तिचंच काम होतं. नावेच्या नाकावर बसायची आणि जागा दिसली की दुरूनच ओरडायची — "व-ळ-ण!" तिची आई, माझी आयव्ही, मागे सुकाणू धरून हसायची. शहरात राहून विसरली पोर. चालायचंच.

८ जानेवारी

पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. नाव सरकली की काच तडकल्यासारखा आवाज.

लॉकमधून — दोन दरवाज्यांमधला हौद, पाणी भरलं की नाव वरच्या कालव्याला पोचते — वर चढलो. मागे दरवाजे मिटले. पुढची वळायची जागा दिवसभराच्या वाटेवर, आणि उद्यापासून हे लॉक दुरुस्तीला बंद — मार्चपर्यंत! सूचना आली तेव्हा मीच डोरीनला वाचून दाखवली होती. "तोवर परत येऊ की, बाबा," म्हणाली होती.

दरवाज्यावरच्या माणसाने विचारलं, "म्हातारबांचा धक्का खाली ना? परत कसे जाणार?"

नेव्हिल म्हणाला, "उडत!"

सगळे हसले. डोरीनसुद्धा.

९ जानेवारी

अडकलो. तिला रागावलो नाही — चेहरा आधीच उतरलेला. "चूक माझीच, बाबा. असा गुडघा घेऊन इथे थंडीत नावेवर एकटे कसे राहाल? काठावर वृद्धाश्रम आहे, चांगला ऊबदार. मार्चपर्यंत राहा. लॉक उघडलं की मी स्वतः न्यायला येते."

नशीब बघा, खोली रिकामी मिळाली! दारावर माझं नावही लावलेलं. नेव्हिलने माझी पेटी आणली. डोरीननेच भरली होती. काळजीची पोर — उन्हाळ्याचे सदरेसुद्धा घातलेत!

जाताना नेव्हिल आश्रमाच्या बाईंना म्हणाला, "पाण्याबद्दल बोलायला लागला तर लक्ष देऊ नका." बाईंनी मान डोलावली. मी तिथेच उभा होतो.

१० जानेवारी

जेवण मऊ. खुर्ची मऊ. बोलणंही मऊ.

डोरीन स्वतःला दोष देत असेल बिचारी. कळवायला हवं — चुका होतात गं, मी मुळीच रागावलो नाही.

११ जानेवारी

खिडकीखालीच पाणी रुंद आहे. आज 'हेस्टर' आली. कोणी अनोळखी माणूस नाकावर बसून छतावरून हात फिरवत होता, विकत घेताना घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. सुकाणू डोरीनकडे.

दुरूनच तिचा आवाज आला — "व-ळ-ण!"

मग तिने नाक काठाला टेकवलं आणि एका दमात नाव फिरवली. आयव्हीसारखी. कुठे घासलीसुद्धा नाही.