भिंतीपलीकडचा भोंगा

आंधळगाव
२० ऑगस्ट १९८१

प्रिय केवळराम,

मोठ्या भावाचा आशीर्वाद घे, त्यातला थोडा तुझ्या कारभारणीला, कुसुमलाही दे. भिलाईत तुम्ही सारे खुशाल असाल. इकडे घरचे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी. धानाची रोवणी आटोपली, पोळा तोंडावर आला आहे आणि हे पत्र मी कानात कापूस घालून लिहितो आहे.

कारण तुझी भाडेकरीण. वाटणीत घराचा अर्धा भाग तुझा झाला. त्यात तू कोणाला ठेवावंस हे सांगणारा मी कोण? पण मधली भिंत एका विटेची आहे हे तुला माहीत आहे, आपण दोघांनीच ती बांधली. मंदाबाई अक्षय तृतीयेला राहायला आली तेव्हा वाटलं, विधवा बाई आहे, राहील बिचारी एका कोपऱ्यात. सामान उतरलं तर भांडी कमी आणि भोंगे जास्त. नवऱ्यामागे त्याचा लाऊडस्पीकरचा धंदा ती स्वतः चालवते. लग्न, बारसं, गणपती, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, जिथे बोलावतील तिथे बैलबंडीत मशीन घालून निघते. आणि ज्या दिवशी कुठे जायचं नसतं त्या दिवशी घरी मशीन तपासते. सकाळी भजन, मग सिनेमाची गाणी, दुपारी लावणी. एवढी तपासणी तर तुमसरचा डॉक्टरही करत नाही.

मी एकदा जाऊन बोललो. म्हणाली, "भाऊ, मशीन बंद ठेवली का तिले ओल धरते. मंग ऐन लग्नात खरखरते अन् लोकं मले शिव्या देतात." मी म्हटलं, निदान आवाज तरी कमी कर. तर म्हणते, "लहान आवाजात तं समदेच भोंगे चांगले वाजतात." मी घरी आलो आणि कापूस शोधला.

कोसा रेशीम विणणाऱ्याला कान लागतात. धागा तुटला की आधी कानाला कळतं, डोळ्याला मागून. या गोंगाटात माग चालवायचा कसा? माझा माग बंद आहे, एवढंच लिहितो. तिला दुसरीकडे जागा बघायला सांग.

तुझ्या वहिनीचं वर्षश्राद्ध झालं. तुला सुटी मिळाली नसेल. असो.

तुझा दादा,
यादोराव

*

आंधळगाव
१४ सप्टेंबर १९८१

केवळराम,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी रागावतो. माझा शब्द इतक्या तातडीने पाळायला तू कधीपासून लागलास? लहानपणी विहिरीवरून पाणी आण म्हटलं तर संध्याकाळ व्हायची. आणि आता माझं पत्र मिळताच थेट मंदाबाईला लिहून मोकळा झालास, की दादाचा माग बंद पडला आहे, दिवाळीपर्यंत जागा सोडा.

ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. मला वाटलं होतं, भांडेल. मी तयारीत होतो. ती भांडली नाही. मागाजवळ उभी राहिली, फणीवरून बोट फिरवलं आणि बोटाची धूळ पदराला पुसली.

"भाऊ," म्हणाली, "मी आखातीजेले इथं आली. तवापासून तुमचा माग एक दिस बी नाही आयकला मी. जो माग चालतच नाही, त्याले माह्या भोंग्याचा काय तरास होऊन राहिला?"

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं.

पण रात्रभर ते वाक्य बोचत राहिलं. सकाळी उठलो, जाळी झाडली, ताणा नीट केला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. म्हटलं, घे ऐक. ती तिकडे भोंगा लावणार, मी इकडे हात्या आपटणार. ती आवाज वाढवी, मी जोर वाढवी. शेजारची गोदावरीबाई विचारायला आली की तुमच्या घरात भांडण कोणाचं चाललं आहे. अशा ईर्ष्येने मी कापडाचं एक अख्खं थान विणलं.

मागावरून उतरवून उजेडात पसरलं आणि कपाळाला हात लावला. केवळराम, कापडात पट्टे होते. चार बोटं घट्ट, पुढे चार बोटं विरळ, पुन्हा घट्ट. लावणी लागली की हात धावला होता, भजनात सैल पडला होता. जन्म मागावर गेलेला माणूस मी, आणि शिकाऊ पोराने लाजावं अशी चूक केली. भोंग्यातलं प्रत्येक गाणं त्या कापडात उतरलं आहे. बाबा असते तर तेच थान माझ्या डोक्याला बांधून गावभर फिरवलं असतं.

या बाईची आणखी एक गोष्ट सांगतो, मग पुरे. गणपतीत मंडळाच्या चिंचेवर भोंगा बांधायचा होता. फांदी ओली, कोणी चढेना. हिने काष्टा खोचला, दोर दाताखाली धरला आणि चढली. आपले मारोतराव खालून म्हणाले, "बाईमाणसानं झाडावर चढनं बरं दिसत नाही." वरून उत्तर आलं, "मंग पाहू नका नं." सारा मंडप हसला. खरं सांगतो, मीही हसलो. अशी छाती मी गावातल्या गड्यांत पाहिली नाही.

तुझा,
यादोदादा

*

आंधळगाव
१५ ऑक्टोबर १९८१

माझ्या केवळ,

दसऱ्याचं सोनं या पत्रात घातलं आहे, पानं चुरगळली तर माझा दोष धरू नकोस. आज थोडं जास्त लिहितो.

ते पट्ट्यांचं थान मी मंदाबाईला नेऊन दाखवलं. म्हटलं, हे बघ तुझे प्रताप. तिने हात फिरवला. "हे इथं जाड कायनं झालं?" मी म्हटलं, तुझ्या लावणीनं. ती भिंतीला टेकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू थांबवून तिने विचारलं, "भाऊ, पहिले तं भोंगा नव्हता. तवा कोनत्या तालावर विणत होते तुम्ही?"

हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. तुझी वहिनी भिंतीशी बसून धाग्याच्या कांड्या भरायची आणि काहीतरी गुणगुणायची. शब्द नसायचे त्यात. तीच चाल माझ्या हाताला होती. रुखमा गेली, तिची तेरवी झाली आणि त्यानंतर मागावर बसलो तर हात पुढे जाईना. घर इतकं गप्प झालं होतं की मागातून धावणाऱ्या धोट्याचा आवाजही सहन होईना. तेव्हापासून माग बंद होता, केवळराम. मंदाबाईच्या कितीतरी आधीपासून. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, आणि भोंगा आल्यावर त्याच्या नावावर खपवलं.

एवढं सारं तिला बोलून गेलो. ती म्हणाली, "कशी होती चाल? म्हणून दाखवा." आणि मी दाखवली. या वयात, परक्या बाईसमोर, गुणगुणून दाखवली. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यातून एक जुनं भजन आलं. कोणाचं, कुठलं, मला ठाऊक नाही. पण चाल तीच. संथ, एकसारखी, कुठेही घाई नाही. मी खड्ड्यात पाय सोडले आणि हात आपोआप चालायला लागला. रडलो, हेही लिहून टाकतो.

आता रोज सकाळी ती रेकॉर्डचा तोच तवा लावते. संपला की उठून पुन्हा तोच. स्वतःची कामं टाकून. दुसरं काही वाजवून पाहायचं असेल तर आधी भिंतीवर टकटक करते, मी हात थांबवतो आणि पुन्हा टकटक होईपर्यंत भाकर खाऊन घेतो. असं एक करवती काठाचं लुगडं उतरवलं आहे. डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरव, कुठे अडखळणार नाही.

आणि ती सामान बांधते आहे. तू दिवाळी म्हटलं होतंस म्हणून. मंडईचा हंगाम तोंडावर, गावोगावची बोलावणी आलेली, अशात बिऱ्हाड हलवलं तर तिचा वर्षाचा धंदा बुडेल. जागा मिळत नाही, भोंगे पाहिले की लोक नाही म्हणतात. मला मात्र एका शब्दाने म्हणाली नाही की भावाला सांगा. मीच विचारलं, काहून बोलत नाहीस? म्हणाली, "तुमी लिवलं, तुमीच पुसाल तं पुसाल. मी काहून हात जोडू?"

म्हणून माझं लिहिलेलं पुसतो आहे. तिला राहू दे. तुझ्या हाताने तिला तसं लिही. तुला जमत नसेल तर माझ्याकडची रस्त्यावरची खोली मी तिला देतो, तिला वेगळं दार आहे. लोक बोलतील. त्यांच्यासाठी भोंगा आहेच.

पट्ट्यांचं थान तुला पाठवतो आहे. विकायच्या लायकीचं नाही. माझा माग पुन्हा सुरू झाला ते दिवस त्यात आहेत, म्हणून तुझ्याकडे असावं. मंडईला ये, कुसुमला घेऊन ये. वर्षश्राद्धाला आला नाहीस याचा राग होता. राग कमी आणि वाट पाहणं जास्त होतं, पण ते लिहिणं मला सोपं गेलं नाही.

भिंतीवर टकटक झाली. बाकीची तपासणी संपली वाटतं, आता ती रुखमाची चाल लावेल. उठतो.

पुन्हा मागावर बसलेला,
तुझा यादोदादा