म्हसोबाच्या हातातल्या बांगड्या

प्रिय वासंती,

आधी बस, मग वाच. कुरुळीतल्या आपल्या वाचनवर्गाजवळचा म्हसोबा बाई निघाला!

वर्गाला येताना तू स्कूटर थांबवून ज्याला हात जोडायचीस, तोच शेंदराचा गोळा. परवा रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनरचा धक्का लागला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेंदराची खोळ गळून पडली. आत वीरगळ, लढाईत पडलेल्यासाठी उभारतात तो दगड! खाली झुंज, मध्ये स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडी. मी मुलांना एवढं सांगतेय तोच दिव्या ओरडली, "बाई, तलवारवाल्याला बांगड्या आहेत! अंबाडापण!" कडी आणि अंबाडा पुरुषांनाही कोरत, म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. अंगाची घडण सरळ सरळ बाईची. माझ्या अंगावर काटा आला गं! ही कोण, कुणासाठी लढली, गावात कुणाला ठाऊक नाही. मुलांचे तर्क मात्र धो धो. गणराज म्हणाला, "नवरा नाइट शिफ्टला असणार, म्हणून हीच गेली." सगळा वर्ग खिदळला.

दर अमावास्येला शेंदूर लावणाऱ्या कौशल्याबाई मात्र कपाळाला हात लावून बसल्या. "आमी बाप्या समजून निवद दावला, अन् हिला कधी हळदीकुंकू न्हाई?" आता त्यांनी लुगडं आणलंय. येत्या अमावास्येला ते नेसवून वर चांदीचा मुखवटा बसवणार. झाकू नका म्हणून मी विनवलं, तर म्हणाल्या, "देवीला उघडी ठिवायची व्हय? अमावास्येपतुर बघा काय बघायचं त्ये."

फोटो भरपूर काढलेत. पण तिचा चेहरा झिजलाय, आणि फोटोत झिजलेलं झिजलेलंच दिसतं. तिरप्या उन्हात, बोटांनी चाचपत, दगडातली रेघ शोधणारं माणूस हवं. दिव्याची आई कंपनीत असेंब्ली लाइनवर उभी असते. दगडातल्या बाईचा चेहरा आपल्या आईसारखाच असणार, असं ती पोर पैजेवर सांगतेय.

मुकुंदभावजी गेल्यापासून तू ब्रश हातात घेतला नाहीस. मी एकदाही विचारलं नाही, आणि आपलं मुलांसाठीचं पुस्तक चित्रांवाचून तसंच ठेवलंय. आजही विचारलं नसतं. पण अमावास्या शुक्रवारी आहे, वासंती. गुरुवारी सकाळी थेरगावला तुझ्या दारात रिक्षा घेऊन येते. रिक्षात दिव्याही असेल. नाही म्हणायचं असेल, तर तिला म्हण.

वाट पाहणारी, तुझीच,
विजयश्री