यंदा गणपती बसला नाही

ग्लेन वेव्हर्ली, ऑगस्ट २०२०

ती. कुमुदताई,

लॉकडाऊनमुळे सगळे घरातच असतात, पण मी खोलीत शिरले की संजीव आणि लीना बोलायचे थांबतात. तीन दिवसांपूर्वी संजीवने माझा फोन 'अपडेट करतो' म्हणून नेला, तो अजून दिला नाही.

स्पृहा रोज राणीची गोष्ट मागते. "आजी, पण तिला पॉयझन कसं नाही केलं कुणी?" मी सांगते, राणी लोकांच्या बोलण्यावर जायची नाही. ते काय करायचं टाळतात, तिकडे तिचं लक्ष असायचं. सासूबाईंच्या राज्यात मी नवी होते तेव्हा तुम्हीच, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, भाजी निवडता निवडता मला ही अक्कल शिकवली, हे मात्र स्पृहाला सांगत नाही.

काल चतुर्थी झाली. लीना म्हणाली, "शाडू मिळाली नाही, आई." शाडूची अख्खी पिशवी गॅरेजमध्ये आहे, मी पाहिली. फोन नेला त्या दिवसापासून देवापुढे दिवाही नाही. सुतकाशिवाय आपल्याकडे गणपती कधी चुकला नाही. आणि भाऊजी गेले, हे गेले. आता कुळात वडीलधारं तुमच्याशिवाय उरलंय कोण?

हे पत्र पोस्टात टाकायला संजीवकडे देणार नाही. त्याला आणखी एक खोटं बोलावं लागेल.

आज दुपारी मी डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच जेवायला बसले. एरवी इथल्या ऑगस्टच्या थंडीत संजीव केवढा ओरडला असता. आज त्याने हीटर माझ्याजवळ सरकवला आणि मान खाली घालून जेवत राहिला.

तुमच्या हाताखाली तयार झालेली,
शैला