पान ४७ बाबत

मी, रामदास दौलत गमरे, वय ७६, धर्म बौद्ध, निवृत्त इतिहास-प्राध्यापक, राहणार परळ, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टाइप करायला दिले नाही. टाइपिंगवाला मजकूर वाचतो. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावरची तारीख मी दोनदा तपासली.

१. परळची खोली व बँकेतील ठेव मुलगा अभय यास मिळावी. त्याने माझे कागद रद्दीत घालू नयेत. "बाबा, सगळं स्कॅन करून टाकू या ना," असे तो म्हणतो. स्कॅन करणारे माझ्या मुलाखतींच्या कार्डांची मागची बाजू सोडून देतात, आणि कोणी, कधी, कुठे सांगितले ते मी मागेच लिहितो.

२. गिरणगावातील मुलाखतींची माझी कार्डे (लोखंडी कपाट, सात खण) माजी विद्यार्थी वैभव याला कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. माझ्या आजारपणात तो फळे घेऊन दोनदा आला आणि दोन्ही वेळा कपाटाकडेच बघत बसला. आमच्या चाळीतल्या बायकांनी स्वतःच्या हिमतीवर साक्षरता वर्ग काढला, असे मी पुस्तकात लिहिले व तळटिपेत आधार दिला: चाळीतल्या बुद्धविहाराची वही, पान ४७. वैभवने ती टीप जशीच्या तशी आपल्या प्रबंधात उतरवली, जणू वही स्वतः पाहिली. त्याच्यामागून आणखी दोघांनी. वही उघडायला कोणी गेले नाही.

३. गेली ती नम्रता, माझीच विद्यार्थिनी. परत येऊन म्हणाली, "सर, वही बेचाळीस पानांचीच आहे. पान फाटलेलंही नाही, मी शिवण बघितली."

मी म्हणालो, "तू मला शिकवतेस?"

हिला कोणीतरी पढवून पाठवले आहे, असा मला संशय आला. मी तिच्या शिष्यवृत्तीचे शिफारसपत्र अडवले. तिचे वर्ष फुकट गेले. हे माझ्या हातून फार वाईट झाले.

४. सबब कार्डे, कपाट व किल्ली नम्रता उत्तम कोळी, राहणार माहीम, हिला द्यावीत. अभयने फोनवर न कळवता स्वतः तिच्या घरी जावे. तिने नकार दिल्यास आग्रह करू नये. तिला तो हक्क आहे.

५. पान ४७ कधीच नव्हते. वर्गाची गोष्ट मला माझ्या आईने सांगितली, भाकऱ्या थापता थापता. त्या वर्गात ती सही करायला शिकली. "आईने सांगितले" असे टिपेत लिहिले तर परीक्षक हसतील, म्हणून मी वहीचे नाव घातले. मला आईची लाज वाटली.

नम्रताने ती टीप खोडून तिथे लिहावे: कांताबाई दौलत गमरे, गिरणी कामगार, वाइंडिंग खाते. मग आई सांगत होती ते खरे होते का, हे इतरांकडून तपासावे. मी तपासले नाही. मला भीती वाटत होती.

साक्षीदारांनी संपूर्ण मजकूर वाचून माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. प्रितेश अमित सकपाळ, लालबाग (सही)
२. बकुळा वसंत तांबे, परळ (सही)

रामदास दौलत गमरे (सही)
परळ, मुंबई. दि. ९ ऑगस्ट २०२४