एकशे बारा डाग

प्रिय ताई,

चार महिने झाले, पत्र लिहायला बसतो आणि उठतो. एकदा पेन सापडेना, एकदा सापडलं तर ते खोलून त्यातली स्प्रिंगच बघत बसलो. खरं म्हणजे घाबरलो होतो. कोर्टाच्या पायरीवर तू एवढंच म्हणालीस, "तूही त्याचाच झालास?" मी तसाच पायऱ्या उतरून निघून आलो. वकीलबाईंनी विचारलं, त्यांनाही काही सांगितलं नाही.

आधी स्टुडिओचं सांगतो. बोटीवरून काढलं, गॅरेजमधून काढलं, तुझी ही भिंगरी थांबली ती इथंच. काम काय, तर लग्नाच्या फोटोंतल्या पुटकुळ्या आणि डाग पुसायचे. एका लग्नाचे आठशे फोटो, एकेक डाग हातानं. मानेचा पार खुळखुळा व्हायचा. डाग पुसायचं सॉफ्टवेअर बनवणारे वापरणाऱ्यांकडून सूचना मागवतात. मी वैतागून लिहिलं : कॅमेऱ्याचं कार्ड घातल्याबरोबर सगळे डाग आपोआप निघू देत, दरवेळी विचारत बसू नका, आणि मूळ फोटोवरच साठवा, जागा वाचेल. पुढच्या आवृत्तीत तसंच आलं. वर आभाराचं पत्र. मालकानं ते फ्रेम करून काउंटरवर टांगलं. शाळेत मला कुणी कागदाचा कपटासुद्धा दिला नव्हता, तुला माहीत आहे. आठवडाभर मी हवेत होतो.

त्याच आठवड्यात तू आलीस, भर उन्हात गळ्याभोवती शाल गुंडाळून. कोर्टासाठी फोटो मीच काढले. डावा डोळा सुजून मिटलेला, खालचा ओठ फाटलेला. पाठीवर पट्ट्याचे वळ, आणि एका जागी बकलाचा चौकोन कातडीत जसाच्या तसा. तू रडली नाहीस. फक्त फ्लॅश उडाला की तुझा हात तोंडासमोर जायचा.

तुला रिक्षात बसवलं, कार्ड मशीनमध्ये घातलं आणि ट्रायपॉड उचलून थेट तुझ्या नवऱ्याच्या दारात गेलो. त्यानं दार उघडताच कपाळावर घातला. रक्त उंबऱ्यावरून खाली ओघळलं. ताई, मला बरं वाटलं. दुसरा घाव घालणार तेवढ्यात शेजाऱ्यांनी धरलं. परत आलो तर मशीनचं काम झालेलं, फोटो छापून पाकिटात पडलेले. रोजच्या सवयीनं कार्ड कोरं केलं. पाकिटातले फोटो मात्र मला पुन्हा बघवेनात, म्हणून न बघताच ते चिकटवलं.

पुढचं तू पाहिलंस. न्यायाधीशांच्या हातात तुझा चेहरा, नवरीसारखा तुकतुकीत. सुजलेला डोळा नुसता लाडानं मिचकावल्यासारखा. आणि शेजारी त्याचं कपाळ, दुसऱ्या दुकानात काढलेलं, तीन टाके मोजून घ्यावेत असं. तुझ्या सासूनं सांगितलं, माझ्या मुलानं कधी मुंगीसुद्धा मारलेली नाही, त्याचं कपाळ सुनेनंच फोडलं; मला धरणारे शेजारी कोर्टात आलेच नाहीत. तुझा संरक्षणाचा अर्ज फेटाळला. मी येऊन मशीनचा पडदा बुक्कीनं फोडला, दोन बोटं अजून वळत नाहीत.

मग कंपनीला दुसरी सूचना लिहिली. शिव्याच जास्त होत्या. तरी तिथल्या एका इंजिनिअरबाईंनी उत्तर दिलं. आता प्रोग्रॅम आधी विचारतो आणि मूळ फोटो वेगळा ठेवतो. तुझे फोटो मात्र गेले ते गेलेच. पण बाईंनी सांगितलं, काय काय पुसलं त्याची नोंद मशीनमध्ये राहते. मालकाच्या पाया पडून ती काढली. एकूण डाग एकशे बारा. फोटो क्रमांक सात : मानेच्या डाव्या बाजूला ओळीनं चार, उजवीकडे एक. वाचता वाचता माझा हात आपोआप माझ्याच गळ्याशी गेला, चार बोटं इकडे, अंगठा तिकडे.

पत्र यासाठी लिहितोय. चौदा तारखेला तुझं अपील आहे. वकीलबाईंना सांग, मला साक्षीला बोलवा. ती यादी, ते आभाराचं पत्र आणि त्याचं कपाळ मीच फोडलं ही कबुली, सगळं घेऊन उभा राहतो. आत टाकलं तर टाकू देत. पण मी त्याचा झालो नव्हतो, एवढं तुला कळू दे.

इथवर लिहिलं आणि दुकानाचं दार उघडलं. तुझी सासू आलीय, एकटीच, गालावर रुमाल दाबून. स्टुलावर बसली, रुमाल काढला. सबंध गाल काळानिळा. म्हणाली, "काढ फोटो. आणि काही पुसू नकोस."

तुझाच,
भिंगरी