तुरीच्या रानापाशी थांबायचं राहिलं

अक्का,

घरात मी तुला तुम्ही म्हणायची आणि पळताना तू. जावाजावांचा रिवाज आपला रस्त्यावर कधी टिकलाच नाही. हे पत्र रस्त्यावरचं समज.

लिहायला कारण अण्णा. तुझी गौरी यंदा बायकांच्या त्या बेचाळीस किलोमीटरच्या दौडीत पळायचं म्हणायलीय. बापानं साफ नाही म्हटलं, तर पोरीनं बोलणंच टाकलं. काल दुपारी अण्णा दुकानातून जेवायला आले आणि ताटावरून मान वर करून म्हणाले, "सुमंगला, तू शेवटपर्यंत तिच्यासंगं राहशील का? तू व्हय म्हण, मग मी अडवत न्हाई." तुझा नवरा माझ्याशी वर्षात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन ही. मी भाजी वाढली आणि आत निघून गेले. व्हय का म्हटलं नाही, ते तुला आणि मलाच माहीत आहे.

तू डेंगूनं गेलीस. रिपोर्ट अजून कपाटात आहे. तरी खटकचिंचोळीत कुणालाही विचार, पळून पळून गेली म्हणतील. सासूबाईंनी तर तुझे बूटच माळ्यावर टाकले. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी हिला चालायला सांगितलं होतं, पळायला कुणी सांगितलं, असं अजून म्हणतात. खरंच, कुणी सांगितलं होतं गं तुला? मला तर तूच ओढलंस. सकाळी दार वाजवून म्हणायचीस, "ऊठ, भाकरी काय पळून जायलीय का?"

पळताना तुझ्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी छातीवर आपटायची. वळ उठले होते. तेवढ्यापुरती काढून ठेव म्हटलं, तर माझ्याकडं डोळे वटारून बघितलंस. चुकलंच माझं. आपल्यात ती मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही, आणि मेल्यावरही सोबत जाते. मग मी शहाणपणा केला. गौरीच्या जुन्या ट्रॅकपँटचं इलॅस्टिक कापून दोऱ्याला शिवलं आणि डबी काखेखाली घट्ट बसवली. तू गल्लीभर माझं कौतुक सांगितलंस.

मग आपण दोघी त्याच दौडीत उतरलो, आणि तिसाव्या किलोमीटरला तू एकदम थांबलीस. घामानं टाके उसवले होते आणि डबी पडली होती. रस्त्याला लागून खांद्याइतकी तूर. सात तासांची मुदत, त्यातले पाच कधीच संपले होते. तू वाकून शोधायलीस आणि मी घड्याळ बघायलेय.

"तू जा," म्हणालीस. "एकीनं तरी गाठावं."

"आन तू?"

"ही घेतल्याबिगर मला पाऊल टाकता येत न्हाई. कामून थांबायलीस? जा."

मी गेले. शिवण माझी होती, तरी गेले.

मला पदक मिळालं. तू आलीस तेव्हा दौडीच्या शेवटाची कमान उतरवून टेम्पोत चढवायले होते. केसात तुरीची फुलं, गळ्यात गाठ मारलेल्या दोऱ्याला डबी. जिथं कमान होती, तिथल्या बांबूच्या दोन खड्ड्यांमधून तू पळत गेलीस. मग खाली बसून पाणी मागितलंस.

घरी सांगितलंस, पोटात कळ आली म्हणून मागं राहिले. डबी पडल्याचं कळलं असतं तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं, आणि शिवण माझी म्हणून सगळं माझ्यावर आलं असतं. तू मला वाचवलंस. मला तेव्हा बरंच वाटलं, ही लाज मात्र अजून गेली नाही.

त्यानंतर आपण कितीतरी सकाळी पळालो. किती वेळ शोधत होतीस, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि तू तरी एकदा चिडायचं होतंस की. चार शिव्या दिल्या असत्यास तर मी मोकळी झाले असते. उलट आळंदच्या बाजारात मला बांगड्या भरल्यास. असं कुणी करतं का?

तुला समाधीत बसवलं तेव्हा डबी तुझ्या तळहातावर ठेवली. चांदीला एक पोचा होता. तो कशाचा, हे तिथं जमलेल्यांत मला एकटीला माहीत होतं. मीही मूठभर माती टाकली.

म्हणून आज तुझं खोटं मी मोडायलेय. रागावू नको. अण्णा जेवायला आले की सांगते, तिच्या पोटात कळ आली नव्हती. डबी पडली, माझ्या शिवणीनं पडली, आणि मी तिला रानात सोडून पुढं गेले. सासूबाई ऐकतील, ऐकू देत. एवढं कळूनही अण्णांनी तोच प्रश्न परत विचारला, तर व्हय म्हणेन. नाही विचारला, तर गौरीला दुसरी सोबत शोधून देईन. पण पोरीला पळवेन.

गौरीच्या गळ्यातही डबी आहे. यंदा दोरा साधाच ठेवलाय, आपटली तर आपटू दे. आणि मी सोबत असले आणि तिचं वाटेत काही पडलं, तर तिच्यासंगं तुरीत उतरेन, सापडेपर्यंत. कमान काढली तर काढू देत. खड्डे राहतातच.

तुझी धाकटी जाऊ,
सुमंगला